अजिंक्यताऱ्यावरनं आठ हजारी शिखराकडं जायचंय? मधल्या पायऱ्या सांगतो

गेल्या महिन्यात अजिंक्यताऱ्यावर मंगळाई देवीच्या देवळापाशी दम खात बसलो होतो तर एक पोरगं आलं, कॉलेजातलं असेल, माझी सॅक बघितली, त्यातले पाण्याचे कॅन बघितले आणि म्हणलं, दादा तुम्ही ते हिमालयात जाता ना, मला एव्हरेस्ट करायचंय, सुरुवात कुठनं करू? म्हणलं बस इथं. अर्धा तास बोललो तरी निम्मंच सांगून झालं, आणि हा प्रश्न महिन्यातनं एकदा तरी कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी स्वतः एव्हरेस्ट केलेलं नाही हे आधीच सांगतो. सहा हजारी, म्हणजे सहा हजार मीटरच्या वरची शिखरं, तीन झालेत, सात हजारी एक, आणि दोनदा शिखर न करता हात हलवत परत आलोय. शिकलो जास्त त्या दोन वेळेलाच.

सातारच्या पोरांची गंमत अशी आहे की दम जरा जास्तच असतो. हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट पळत चढायचा, सकाळी चार भिंती स्मारकावरनं अजिंक्यतारा, रविवारी जरंडेश्वर नाहीतर सज्जनगड, त्यामुळं पाय तयार असतात आणि डोक्यात बसलेलं असतं की जो पहिला वर पोचतो तो भारी. हे खाली चालतं. पण महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर, आणि लेहच्या विमानतळावर उतरलात की तुम्ही त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर उभे असता, सव्वातीन हजार मीटरला, एक पाऊलही न चालता. म्हणजे आपल्याकडं उंचीची प्रॅक्टिस करायला जागाच नाही. पाय तयार होतात, फुप्फुसं थोडीफार होतात, बाकी शरीर हिमालयात गेल्यावरच शिकतं आणि ते त्याच्या वेगानं शिकतं, तुमच्या नाही.

माझंच सांगतो. पहिलं शिखर फ्रेंडशिप पीक, मनालीजवळ सोलांगच्या वर, ५२८९ मीटर. एका खाजगी ग्रुपबरोबर गेलेलो, पैसे कमी आणि दिवसही कमी, तेव्हा वाटलं वा, रजा वाचली. मनाली दोन हजार मीटर, पहिला मुक्काम बकरथाच साधारण ३३०० ला, आणि दुसऱ्याच दिवशी लेडी लेग म्हणून कॅम्प आहे तिथं, जवळपास चार हजाराला. मी सगळ्यांच्या आधी तासभर पोचलो. तंबू लावायला मदत केली, दगडं गोळा केली, फोटो काढले, बाकीचे धापा टाकत येतायत आणि मी त्यांना टाळ्या वाजवून दाखवतोय. रात्री आठला डोकं असं ठणकायला लागलं की हेडलॅम्पचा उजेड डोळ्यात घुसत होता, सूप पुढं आलं तर वासानंच उलटी झाली, बुटाची लेस सोडायला बसलो तर पाच मिनिटं नुसता लेसकडं बघत बसलो. ग्रुप लीडर म्हणाला, सगळ्यांनाच होतं, सकाळपर्यंत जाईल. रात्रभर झोप नाही. सकाळी उजाडल्या उजाडल्या एका हेल्परला घेऊन खाली निघालो, आणि सोलांगला येईपर्यंत डोकं एवढं मोकळं झालं की दोन प्लेट राजमा चावल खाल्ले. जे मागनं रमतगमत आले होते त्यातल्या चौघांनी शिखर केलं.

घरी आल्यावर मामा भेटायला आले. मामा मराठा रेजिमेंटचे, रिटायर झालेत, सियाचीनला राहून आलेले. आपल्याकडं मिलिटरी अपशिंगे काय आणि आजूबाजूची गावं काय, दर दोन घराआड एखादा फौजी निघतोच, पण आपण त्यांना कधी हे विचारत नाही. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "तुला वर कुठली गाडी पकडायची होती का रे?" मग सांगितलं त्यांनी की फौजेत वर पाठवायच्या आधी पहिल्या टप्प्याला सहा दिवस थांबवतात, नऊ ते बारा हजार फुटाला, मग पुढच्या टप्प्याला चार दिवस, पंधरा हजाराच्या वर गेलं की परत चार दिवस. "आम्ही पंचविशीतली पोरं, सकाळी उठून दहा किलोमीटर पळणारी, तरी पहिले दोन दिवस नुसतं बसवून ठेवायचे. पळालास तर साहेब शिव्या घालायचे."

तर पहिला धडा हाच, आणि बाकी सगळं विसरला तरी हे ध्यानात ठेवा. तीन हजार मीटरच्या वर गेलं की आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नको. दिवसा चढून या वर, चालतंय, पण झोपायला खाली. आणि तीन चार दिवसांनी एक रात्र आहे तिथंच. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर वर जायचं नाही, थांबायचं. थांबूनही वाढत असेल तर उतरायचं. एखादा बडबडायला लागला, दारू प्यायल्यासारखा चालायला लागला, टाचेला टाच लावून सरळ रेषेत दहा पावलं टाकता येईनात, तर मेंदूला सूज येतीय समजा. बसल्या जागी धाप लागतीय, खोकला थांबत नाही, ओठ निळे दिसतायत, तर फुप्फुसात पाणी होतंय. या दोन्हीला उपाय एकच, लगेच खाली, रात्र असली तरी, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. ऑक्सिजन, औषधं हे सगळं उतरताना वेळ मिळावा म्हणून असतं. डायमॉक्स म्हणून उंचीच्या त्रासावरची गोळी आहे, ती बऱ्याच जणांना डॉक्टर देतात, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, पण सल्फाची ॲलर्जी असली तर भानगड होते, म्हणून इथंच आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, मनालीच्या मेडिकलमध्ये उभं राहून नको. आणि ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, त्याच्यावर लय विसंबू नका, थंडीनं बोटं गारठली की ते काहीही आकडे दाखवतं.

आता सह्याद्रीत काय करायचं. वजन घेऊन चढायचं हे मुख्य. मी सॅकमध्ये पाण्याचे पाच लिटरचे कॅन टाकतो, सुरुवातीला दोन, मग तीन, आणि वर गेल्यावर ते पाणी झाडांना ओततो. उतरताना सॅक हलकी, गुडघे वाचतात, आणि उन्हाळ्यात वरच्या रोपांचंही भलं होतं. वेग एवढाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, आठवड्यातनं चार दिवस असं, एक दिवस पळापळी. मागचा गुडघा सरळ करून क्षणभर वजन हाडावर टाकायचं आणि मग पुढचं पाऊल, याला रेस्ट स्टेप म्हणतात, अजिंक्यताऱ्यावर करताना येड्यासारखं वाटतं, लोक विचारतात पाय दुखतोय का, पण सहा हजाराला याच चालीनं माणूस तासन् तास चालतो. महिन्यातनं एकदा लांबचं काहीतरी, पहाटे निघून संध्याकाळपर्यंत चालत राहायचं असं, कमळगड करा, केंजळगड रायरेश्वर करा, वासोट्याला बामणोलीवरनं बोट, परमिशन हे सगळं आहे पण तो दिवसही छान जातो. दोराची सवय लावायची तर कुठल्यातरी अनुभवी क्लबबरोबर कातळावर जा, तैलबैला, लिंगाणा हे नंतर. एकट्यानं यूट्यूब बघून झाडाला दोर बांधून काही करू नका प्लीज.

एक घरातली प्रॅक्टिस सांगतो जी कोणी करत नाही. जाड ग्लोव्हज घालून गाठी मारायच्या. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची कडी, ती उघडायची, स्क्रू फिरवून लॉक करायची, बुटाची लेस, सॅकचं बकल, सगळं ग्लोव्हज न काढता. मी टीव्ही बघत करायचो तेव्हा आई म्हणायची, मे महिन्यात हातमोजे घालून बसलाय, ह्याला कोणीतरी डॉक्टरला दाखवा. पण वर पहाटे दोनला, उणे पंधरा वीस टेंपरेचरमध्ये, ज्यानं ग्लोव्हज काढले त्याची बोटं पाच मिनिटात ऐकेनाशी होतात, आणि ग्लोव्ह वाऱ्यानं उडून गेला तर शिखर तिथंच संपलं. ग्लोव्हजला दोरी लावून मनगटात अडकवायची, लहान पोरांना लावतात तशी.

हे करता करता एखादा साधा हिमालयन ट्रेक करून घ्या, हम्प्ता पास ४२७० मीटरचा, रूपिन पास ४६५० चा, असं काहीतरी. शरीर उंचीला कसं वागतं ते कळायला. काहींना चार हजारातच त्रास होतो, काहींना पाच हजारापर्यंत काही नाही, आणि फिटनेसवरनं हे आधी सांगता येत नाही.

त्यानंतर गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. याला पर्याय नाही असं माझं मत आहे आणि यावर मी वाद घालायला तयार आहे. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट म्हणजे निम, १९६५ ची, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट म्हणजे एचएमआय १९५४ ची, मनालीची अटल बिहारी वाजपेयींच्या नावाची संस्था, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट म्हणजे जिम, यातली कुठलीही. साधारण चार आठवड्यांचा कोर्स, सरकारी असल्यामुळं खाजगी एक्सपिडिशनच्या मानानं फी काहीच नाही, म्हणून तर जागा मिळत नाहीत, निमला तर कधीकधी वर्ष वर्ष आधी फॉर्म भरावा लागतो. फॉर्म आजच भरून ठेवा, तयारी नंतर करा. आपल्या जवळ म्हणाल तर पुण्यात गिरिप्रेमीवाल्यांची संस्था आहे, त्यांच्या लोकांनी २०१२ ला एव्हरेस्ट केलं, २०१९ ला कांचनजंगावर एका दिवशी दहा जण पोचले, तिथं छोटे कोर्स होतात, सुरुवातीला ते करून गेलात तर उत्तरकाशीला सोपं जातं.

निमला काय होतं तर पहिले काही दिवस टेखलाच्या कातळावर, मग वीस किलोची सॅक घेऊन भुक्की गावातनं वर, डोक्रानी बामक ग्लेशियरच्या बाजूला बेस कॅम्प. पाच सहा पोरांचा एक रोप असतो, म्हणजे तुकडी, आणि तुमचा रोप उशिरा आला तर शिक्षा सगळ्या रोपला. आईस ॲक्सनं घसरणं थांबवायचं शंभर वेळा करून घेतात, उताणं, पालथं, डोकं खाली, अंगाला वळ उठतात, पण मग झोपेतही हात आपोआप ॲक्सवर जातो. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, त्याची बकलं बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला आली की दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात आणि माणूस तोंडावर, असल्या बारीक गोष्टी तिथं अंगात मुरतात. शेवटी ग्रेड मिळते. ए ग्रेड आली तरच ॲडव्हान्स कोर्सला घेतात, म्हणून तिथं पिकनिकला गेल्यासारखं करू नका. आणि संस्थेचा कोर्स म्हणजे शंभर टक्के सेफ असंही डोक्यात ठेवू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला निमचीच तुकडी द्रौपदी का डांडा २ वर हिमस्खलनात सापडली, २९ जण गेले, त्यातली बहुतेक शिकायला आलेली पोरं होती. घरच्यांना हे लपवू नका, बसून बोला.

कोर्सनंतर लगेच सहा हजारीच्या मागं लागतात सगळे. आधी एक पाच हजारी नीट करा, फ्रेंडशिपच करा पण आठ दहा दिवसांचा प्लॅन असलेल्या ग्रुपबरोबर. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळ्यात मागं चाललो, मुद्दाम, आणि शिखरावर डोकं न दुखता उभा होतो. मग सोपं सहा हजारी, लडाखमध्ये कांग यात्से २ आहे, साधारण ६२५० मीटर, मनाली लेह रस्त्यावर भरतपूरहून युनाम आहे, ६१०० च्या थोडं वर. स्टोक कांग्री पूर्वी सगळे करायचे, ते २०२० पासून बंद केलं, जुन्या ब्लॉगवर विसंबून प्लॅन करू नका. इथं साडेपाच हजारावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो हे पुस्तकात वाचलेलं असतं, ते कळतं मात्र बुटात पाय घालताना, एक बूट घातला की थांबून श्वास घ्यायचा, मग दुसरा.

यानंतर ॲडव्हान्स कोर्स आणि मग जरा तांत्रिक सहा हजारी. देव तिब्बा ६००१, काळानाग म्हणजे ब्लॅक पीक ६३८७, नेपाळला आयलंड पीक ६१८९, लोबुचे ईस्ट ६११९. आपल्याकडच्या शिखरांना दिल्लीच्या आयएमएफची, म्हणजे इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची परवानगी लागते, लिएझन ऑफिसर असतो, ते बहुतेक वेळा एजन्सी बघते पण कागद स्वतः बघून घ्या. इन्शुरन्स काढताना किती मीटरपर्यंत कव्हर आहे ते वाचा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसी उंचीला हात वर करतात.

इथून पुढं फिक्स रोपवरचं, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या दोरावरचं काम हाताला बसलं पाहिजे. दोराला दोन गोष्टी अडकवलेल्या असतात, जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, आणि सेफ्टी कॅराबिनर. अँकर, म्हणजे दोर जिथं पक्का केलेला असतो ती जागा, आला की आधी सेफ्टी काढून अँकरच्या पुढच्या दोराला, ती लॉक झाली का बघायचं, मग जुमार काढून पुढं. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत, एक सेकंदसुद्धा नाही. वाचायला केवढं सोपं आहे. पण सतरा तास जागं असलेला, रात्रभर चढलेला माणूस उतरताना हेच विसरतो. चढताना सगळं लक्ष असतं, उतरताना मन आधीच तंबूत चहा पीत बसलेलं असतं. मी अँकरवर मोठ्यानं बोलतो, सेफ्टी, लॉक, आता जुमार. शेर्पा हसतात. हसू दे.

आणि परत फिरायची वेळ खालीच ठरवायची. दुपारी बारा म्हणजे बारा, शिखर शंभर मीटरवर दिसत असलं तरी. माझी दुसरी परती अशीच झाली, दीडशे मीटर राहिले होते, वरनं ढग उतरला आणि घड्याळात बारा वाजून गेले होते. परत फिरलो, तंबूत येऊन रडलो पण बोटं दहाही शाबूत आहेत.

खाण्याचं. वर भूक मरते, म्हणून ते न्या जे आजारी असतानाही खाल. चिक्की नेऊ नका, थंडीत ती अशी दगड होते की एकाचा दात हलला. आपले कंदी पेढे मात्र चालतात, तोंडात धरले की विरघळतात, मी दर वेळी अर्धा किलो नेतो आणि शेर्पा लोक आता नाव घेऊन मागतात. पाणी दिवसाला चार लिटर, लघवीचा रंग बघत राहायचा.

सात हजारी म्हणजे नुन ७१३५, कुन ७०७७, गंगोत्रीच्या बाजूला सतोपंथ ७०७५. सतोपंथला एव्हरेस्टची रंगीत तालीम म्हणतात. महिन्याभराची मोहीम, दोन तीन वरचे कॅम्प, सामान टाकून खाली यायचं, परत वर जायचं, वादळात तीन तीन दिवस दोघांनी एका तंबूत पडून राहायचं. या तीन दिवसात कळतं की आपण एक्सपिडिशनचा माणूस आहोत का. दम असलेली पोरं इथं चिडचिड करून घरी जातात, आणि जो बर्फ वितळवून सगळ्यांना पाणी करून देतो, रात्री उठून तंबूवरचा बर्फ झाडतो, तो पुढच्या मोहिमेला परत बोलावला जातो.

मग आठ हजारी. बहुतेक जण मनास्लूनं सुरुवात करतात, ८१६३ मीटर, काही थेट एव्हरेस्ट. खर्चाचं स्पष्ट बोलू. एव्हरेस्टची नुसती परमिट फी नेपाळनं ११ हजार डॉलरवरनं सप्टेंबर २०२५ पासून १५ हजार केली, त्यावर शेर्पा, ऑक्सिजन, बेस कॅम्पचं सगळं धरून तीस चाळीस लाखाच्या पुढं आकडा जातो. शेत विकून जाऊ नका. असं करणारी माणसं बघितलीत, आणि ज्यानं शेत विकलंय तो बारा वाजता परत फिरत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात धोक्याचं वाटतं. स्पॉन्सर मागायला जाताना आधीच्या शिखरांची यादी आणि सर्टिफिकेटं लागतात, नुसत्या स्वप्नाला कोण पैसे देणार. स्वस्त एजन्सी घेताना एकच विचारा, शेर्पा किती जणांत एक, ऑक्सिजनच्या बाटल्या माणशी किती, आणि लेखी द्या म्हणा.

किती वर्षं लागतील, असं त्या पोरानं शेवटी विचारलं. म्हणलं नोकरी सांभाळून सात आठ तरी धर. तोंड पडलं त्याचं. मग त्याला आपल्या साताऱ्याच्याच प्रियांका मोहिते सांगितल्या. २०१३ ला एव्हरेस्ट, त्यानंतर ल्होत्से २०१८ ला, मकालू २०१९, अन्नपूर्णा २०२१, कांचनजंगा २०२२, पाच आठ हजारी करणारी पहिली भारतीय महिला. पहिल्या आणि दुसऱ्या आठ हजारीच्या मध्ये पाच वर्षं आहेत बघ, म्हणलं. तो बोटावर मोजत बसला, आपण किती वर्षांचे असू तेव्हा.

पुढच्या रविवारी येतो म्हणाला, साडेपाचला चार भिंतीपाशी. कॅन आपापला आणायचा, आणि माझ्या पुढं चालायचं नाही असं आधीच सांगून ठेवलंय त्याला.